अटींशिवाय स्पर्धा पुढे पाठवू नका

दसरा झाला की आपल्या ग्रुपवर स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. किल्ला, रांगोळी, आकाशकंदील, फराळाचे ताट, पारंपरिक वेशातला फोटो, मुलांचे वक्तृत्व, शिवचरित्रावरची प्रश्नमंजूषा. बेळगावच्या शहापूर-वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत एकच पोस्टर दिवसभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत असते. वर ठळक अक्षरांत बक्षीस: पैठणी, सायकल, टीव्ही, रोख रक्कम. खाली लिंक किंवा क्यूआर कोड. आणि अगदी तळाशी, फोटो मोठा करून पाहिला तरच दिसेल असे, 'नियम व अटी लागू'. पाठवणारा बहुधा कोल्हापूरचा मामा नाहीतर पुण्याची आत्या. "आपली पोरं हुशार आहेत, भाग घ्या रे," असे वर लिहिलेले असते आणि त्यात माया असते.

त्या मायेविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण स्पर्धा पुढे पाठवणाऱ्याने आधी तिच्या अटी वाचाव्यात, पोस्टरबरोबर त्याही पाठवाव्यात, आणि जाहिरात मराठीत असून अटी मराठीत मिळत नसतील तर ती स्पर्धा आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडे कारवार-हल्याळ आणि बिदर-भालकी अशा सीमाभागातल्या मराठी माणसाला हे इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

आपल्याकडे स्पर्धा काही नव्या नाहीत. 1848 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या बेळगाव शहरात आहे, कडोली, उचगाव, येळ्ळूरसारखी गावे जिथे स्वतःची साहित्य संमेलने भरवतात, तिथे निबंध, वक्तृत्व आणि पाठांतराच्या स्पर्धा घरोघरी माहीत आहेत. त्यांचे हस्तपत्रक आठवून पाहा. एकच कागद. त्यावर विषय, गट, वयाची अट, प्रवेश फी, नाव नोंदवण्याची शेवटची तारीख, कार्यक्रमाचे स्थळ, बक्षिसांचा तपशील, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे ठरलेले वाक्य, आणि खाली ज्यांना जाऊन विचारता येईल अशा दोन-तीन माणसांची नावे. हे पत्रक शाळेच्या फळ्यावर लागले, दुकानात चिकटले, घरी आले, तरी नियम त्याच्याबरोबरच असायचे. बक्षीस आणि नियम यांची ताटातूट होतच नव्हती.

ऑनलाइन स्पर्धेत ती होते. बक्षीस चित्रात असते आणि चित्र सहज पुढे जाते. अटी कुठल्याशा संकेतस्थळाच्या पोटात, तीन-चार क्लिकनंतर, इंग्रजीत असतात आणि त्या जागच्या हलत नाहीत. चौथ्या माणसापर्यंत पोस्टर पोहोचते तोवर लिंकही गळालेली असते आणि उरतो फक्त बक्षिसाचा फोटो.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या एका मुलाने पारगड केला होता. लाल माती कालवून बुरूज, तटावर मोहरी पेरून आलेली हिरवळ, पुठ्ठ्याचा दरवाजा, पायथ्याला मातीची गुरे. एका कंपनीच्या ऑनलाइन किल्ला स्पर्धेचे मराठी पोस्टर त्याच्या वडिलांना नातेवाइकांकडून आले होते. त्यांनी फॉर्म भरला, मुलाचा किल्ल्यासोबतचा फोटो टाकला, नाव, वय, शाळा, मोबाइल नंबर, घरचा पत्ता दिला. निवड झाल्याचा ईमेल आला तेव्हा घरात आनंद झाला. त्याच ईमेलमध्ये महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा मागितला होता. "दादा, एवढं इंग्लिश वाचून सांगा की जरा," म्हणून वडील फोन घेऊन आले आणि मी अटींचे पान उघडले.

चौथीच अट होती: ही स्पर्धा फक्त महाराष्ट्र राज्यातील रहिवाशांसाठी. मग पुढचेही वाचत गेलो. पाठवलेला फोटो, नाव आणि आवाज संयोजक कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी, मोबदला न देता वापरू शकतात. दिलेली माहिती 'सहयोगी कंपन्यां'ना देता येईल. जाहीर केलेल्या बक्षिसाऐवजी तेवढ्याच किमतीचे कूपन देण्याचा हक्क संयोजकांकडे आहे. नियम कधीही, पूर्वसूचनेशिवाय बदलता येतील. वाद झाल्यास फक्त मुंबईतील न्यायालये. यातली एकही ओळ मराठी पोस्टरवर नव्हती. बक्षीस गेले. फोटो मात्र दिवाळी उलटून गेल्यावरही त्या कंपनीच्या पानावर होता, कारण अपात्र ठरलेल्याचा फोटो काढून टाकू असे अटींमध्ये कुठेही म्हटलेले नव्हते.

त्या मुलाच्या वडिलांना दोष देणे मला पटत नाही. त्यांना जे मिळाले ते मराठी पोस्टर होते आणि त्यावर 'महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी' असे दोन शब्द लिहायला जागा होती. ते संयोजकाने लिहिले नाहीत, आणि मधल्या पाच-सहा पाठवणाऱ्यांपैकी कुणी विचारले नाहीत. त्यातला एक जरी थांबला असता तरी त्या पोराने तो किल्ला आपल्याच गल्लीच्या स्पर्धेत, आपल्याच लोकांसमोर मांडला असता.

राज्याची ही अट संयोजक मनाला येईल म्हणून घालतो असे नाही, हेही समजून घेतले पाहिजे. सोडत, बक्षीस योजना, जुगार यांचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. तमिळनाडूत 1979 पासून बक्षीस योजनांना मनाई करणारा कायदा आहे, म्हणून देशभरच्या कित्येक स्पर्धांच्या अटींत 'तमिळनाडू वगळून' अशी ओळ सापडते. महाराष्ट्राची राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. कर्नाटकाने 2007 पासून लॉटरी बंद केली. म्हणजे महाराष्ट्रातल्या कागलात जे तिकीट उघडपणे विकले जाते ते जवळच्याच, पण कर्नाटकातल्या निपाणीत विकता येत नाही. चिठ्ठी काढून बक्षीस देणारी योजना पुण्याहून निघाली आणि मराठीतून आपल्या फोनवर आली, म्हणून ती आपल्यासाठी खुली आहे असे धरून चालत नाही. भाषेला सीमा आडवी येत नाही, पण अटींना येते, आणि त्या सीमेवर राहणारे आपण आहोत.

याचा एक जुना धडा आपल्या प्रदेशाशी फार जवळून जोडलेला आहे. 1950 च्या आसपास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे वेड देशभर होते. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' नावाच्या साप्ताहिकातून अशी एक स्पर्धा चालायची. साप्ताहिक छापले जाई तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, पण त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता. बेळगाव जिल्हा 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होता. मुंबई सरकारने आपल्या स्पर्धा नियंत्रण व कर कायद्यात दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यात छापलेल्या वृत्तपत्रांतून चालणाऱ्या स्पर्धांनाही तो लागू केला आणि प्रकरण कोर्टात गेले. छापखाना आमचा, राज्य वेगळे, मग मुंबईचा कायदा आम्हाला कसा, असा संयोजकांचा सवाल होता. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: स्पर्धेचे आमंत्रण मुंबई राज्यातल्या लोकांना दिले जाते, अर्ज आणि फी तिथेच गोळा होते, तेव्हा त्या राज्याचा कायदा लागू होतो. आणि न्यायालय तिथेच थांबले नाही. ही स्पर्धा कौशल्याची की नशिबाची, हे ठरवण्यासाठी त्याने जाहिरातीतले शब्द नव्हे तर स्पर्धेची योजना आणि नियम तपासले, आणि ती जुगाराच्या जातीची आहे असा निष्कर्ष काढला. 1955 चा केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदाही त्याच काळातला. अक्षरे, शब्द किंवा आकडे जुळवण्याच्या कोड्यांवर महिन्याला 1000 रुपयांहून अधिक किमतीची बक्षिसे देण्यास त्याने बंदी घातली. 1957 च्याच दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागतो, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही.

एवढे तपशिलात सांगण्याचे कारण असे की स्पर्धा म्हणजे तिचे नियम. ती प्रामाणिक आहे की नाही, तुमच्यासाठी आहे की नाही, मेहनतीची आहे की सोडतीची, हे नियमांतूनच कळते. 'महाराष्ट्राची सांस्कृतिक राजधानी कोणती?' असा प्रश्न विचारून बरोबर उत्तर देणाऱ्या लाखभर लोकांतून चिठ्ठी काढायची, याला स्पर्धा म्हटले तरी ती सोडतच. पोस्टरवर दोन्ही सारखीच दिसतात.

आता मराठीत अटी मागण्याचा आपला हक्क. अटींना कोण मराठी करत बसणार, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचा खुलासा असला पाहिजे आणि दाव्याच्या अक्षरांचा जो टाइप तोच खुलाशाचा असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. 'पाच जणांना सायकल' हे मराठीत ठळक लिहिले असेल तर 'फक्त महाराष्ट्रातील रहिवासी' हेही मराठीतच, वाचता येईल असे लिहायला हवे. जाहिरात क्षेत्राने स्वतःसाठी नेमलेल्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची आचारसंहिता त्याहून थेट बोलते: बक्षीस स्पर्धेच्या जाहिरातीत सर्व महत्त्वाच्या अटी स्पष्ट द्याव्यात, म्हणजे भाग घेणाऱ्याला आपल्या शक्यतेचा खरा अंदाज येईल, परीक्षण, निकाल आणि बक्षीस वाटप यांची पुरेशी सोय असावी.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बक्षीस द्यायचेच नाही अशा हेतूने ते जाहीर करणे, आणि योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. त्याच कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. बिस्किटाचा पुडा किंवा तेलाचा डबा विकत घेऊन त्यावरच्या कोडमुळे स्पर्धेत उतरलेला माणूस 'फक्त मुंबईतील न्यायालये' ही ओळ वाचून हात टेकत असेल, तर त्याने बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढून पाहावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर त्याआधीचा सोपा मार्ग आहे.

मुलांच्या माहितीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठी पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. संमती मागताना कोणती माहिती, कशासाठी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रांगोळी स्पर्धेच्या फॉर्ममध्ये मुलीची शाळा, तुकडी, घरचा पत्ता आणि आईचा नंबर कशाला हवा, हा प्रश्न विचारायला त्या लागू होण्याची वाट पाहण्याची मुळीच गरज नाही.

सीमाभागात आपण पिढ्यान्‌पिढ्या एक मागणी लावून धरली आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे सरकारी कागदपत्रे, परिपत्रके, उतारे त्यांच्या भाषेतही मिळावेत. त्यासाठी मोर्चे निघाले, निवेदने गेली. ही मागणी न्याय्य आहे, कारण जो कागद आपल्यावर बंधनकारक होतो तो आपल्याला समजला पाहिजे. तेच तत्त्व खासगी संयोजकाला आपण का लावत नाही? तहसीलदाराकडे मराठी कागद मागणारे आपण, मुंबई-पुण्याच्या मराठी कंपनीकडून आलेले इंग्रजी करारपत्र एका टिचकीत मान्य करतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावातल्या अटी पूर्ण करणे म्हणजेच तो प्रस्ताव स्वीकारणे. फॉर्म भरून 'सबमिट' दाबले की आपण करारात शिरलेले असतो. सरकारी उताऱ्याइतकाच हाही आपल्याला बांधणारा कागद आहे आणि इथे तर समोरच्याला आपली मराठी हवी आहे, कारण तिच्यावरच त्याचा माल खपतो. आपल्या मागणीला इथे सरकारदरबारापेक्षा जास्त वजन आहे.

'पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका' हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण यात आपल्यालाच फुकटचे प्रचारक केले जाते. पुष्कळांना ठाऊक नसते की फेसबुकच्या स्वतःच्या नियमांत हे बसत नाही. स्पर्धेत भाग घेण्यासाठी स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करण्याची किंवा मित्रांना टॅग करण्याची अट घालता येत नाही. स्पर्धेचे नियम आणि पात्रता संयोजकाने द्यायची असते. आणि या स्पर्धेशी फेसबुकचा संबंध नाही हेही सांगायचे असते. जो संयोजक ज्या व्यासपीठावर उभा आहे त्याचेच नियम पाळत नाही, तो आपल्याशी केलेले नियम पाळेल हे कशावरून?

आणि 'सर्वाधिक लाइक्स मिळवणारा विजेता' या अटीबद्दल तर मला मनापासून चीड येते. हस्ताक्षर किंवा रांगोळी कशी आहे याला त्यात काही किंमतच उरत नाही. आठवीतली मुलगी नात्यातल्या प्रत्येकाला "काकू, लाइक करा की, फक्त आजचा दिवस आहे" असे मेसेज करत बसते, ज्याचे नाते मोठे किंवा जो लाइक विकत घेतो तो जिंकतो, आणि ती मात्र आपली रांगोळी वाईट होती असे मनात धरते. परीक्षक कोण आणि गुण कशाला, हे अटींत नसेल तर ती कलेची स्पर्धा नाही. अशी स्पर्धा आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकण्याआधी शिक्षकांनी दहादा विचार करावा.

फसवणुकीचे पोस्टर तर अटी वाचायला लागलो की तिथल्या तिथे उघडे पडते. 'कौन बनेगा करोडपती'चे नाव वापरून 25 लाखांच्या लॉटरीचे मेसेज वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यांना कधीच अटी नसतात, कारण संयोजकच नसतो. त्यात नेहमीची मागणी असते ती 'कर' किंवा 'प्रोसेसिंग'च्या नावाने आधी पैसे भरण्याची. इथे खरे काय ते माहीत असावे: लॉटरी, कोडी, खेळ यांतून मिळालेल्या बक्षिसावर 30 टक्के दराने प्राप्तिकर असतो आणि 10,000 रुपयांच्या वरच्या रोख बक्षिसातून तो देणाराच कापून सरकारकडे भरतो. स्कूटर किंवा टीव्हीसारखे वस्तुरूप बक्षीस असेल तर ते हातात देण्यापूर्वी कर भरला गेला आहे याची खात्री त्याला करावी लागते, आणि तो कोणी सोसायचा हे प्रामाणिक संयोजक अटींत आधीच लिहितो. तो भरणाही पॅन क्रमांकावर, पावतीसह होतो. कुणा 'मॅनेजर'च्या खासगी नंबरवर पैसे पाठवायला सांगितले की तिथेच फोन ठेवावा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर कळवावे.

पैसे भरून खेळायच्या ॲपची जातही आता वेगळी ओळखावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणारा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने मना केला आहे आणि त्याच्या जाहिरातीलाही मनाई आहे. 'फक्त 49 रुपये भरा, प्रश्नमंजूषा खेळा, लाख जिंका' असला मेसेज कुणी पाठवला तर 'मी नुसता फॉरवर्ड केला' एवढ्यावर सुटता येईल या भरवशावर राहू नये.

अटी वाचायला वेळ कुणाला आहे, हा आक्षेप खरा आहे. वीस पानांचे इंग्रजी कुणी वाचत नाही आणि मी ते सगळे वाचा असे म्हणतही नाही. पण सगळे वाचावे लागत नाही. संयोजकाचे पूर्ण नाव-पत्ता आहे का, कुठल्या राज्यातल्या आणि किती वयाच्या लोकांसाठी आहे, विजेता कसा ठरणार, बक्षीस नेमके काय आणि पोहोचवण्याचा व कराचा खर्च कोणाचा, निकाल केव्हा नि कुठे, आपल्या फोटोचे आणि नंबरचे पुढे काय होणार: एवढे शोधायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. यातले काही सापडलेच नाही, तर न सापडणे हेच उत्तर समजावे. आणि भाग घेणार असाल तर त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. 'नियम कधीही बदलू शकतात' असे लिहिणाऱ्यासमोर तोच आपला पुरावा असतो.

दुसरा आक्षेप आपल्या मंडळांकडून येतो. आम्ही साधी मंडळे, वकील कुठून आणणार? वकील लागत नाही. जुने हस्तपत्रक वकिलाने लिहिले नव्हते. त्याच्याच दहा ओळी पोस्टरच्या चित्रातच, बक्षिसाखाली, वाचता येतील अशा घाला. त्यात आता दोन ओळींची भर हवी: मुलांचे फोटो आम्ही कुठे वापरू आणि केव्हा काढून टाकू, आणि पालकांचे नंबर स्पर्धा संपल्यावर ठेवणार नाही. बेळगावातल्या मंडळाने कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजच्या मुलांनाही भाग घेऊ दिला असेल तर तसे लिहा, नसेल तर तेही लिहा. आपल्याला जे सोसावे लागते ते त्यांच्या वाट्याला आपल्याकडून येऊ नये.

महाराष्ट्रातल्या संयोजकांनाही एक गोष्ट सांगायची आहे. मराठी भाषेच्या नावाने स्पर्धा भरवता, 'समस्त मराठीजनांसाठी' असे पोस्टरवर लिहिता आणि फॉर्ममध्ये राज्याच्या यादीत एकच नाव ठेवता. सोडतीच्या योजनेत कायद्याची अडचण असेल तर ती समजू शकते. पण निबंध, वक्तृत्व, चित्रकला, किल्ला यांना ती अडचण नाही. या निव्वळ कौशल्याच्या स्पर्धा आहेत आणि परीक्षकांसमोर त्या कुठल्याही राज्यातल्या मुलाला खुल्या करता येतात. तिथे 'फक्त महाराष्ट्र' ही अट सवयीने, जुन्या मसुद्यातून उचलून चिकटवलेली असते. बक्षीस निपाणीला कुरियरने पाठवायला सोलापूरपेक्षा जास्त लागत नाही. ही अट काढा. नाहीच काढता येत, तर 'समस्त' हा शब्द तरी काढा आणि अट पोस्टरवर पहिल्या ओळीत आणा, म्हणजे इकडचे पोर रात्र-रात्र जागून माती कालवणार नाही.

ग्रुप चालवणाऱ्यांना आजपासूनच एक गोष्ट करता येईल. स्पर्धेचे पोस्टर आले की पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचे: "मामा, छान आहे. अटी मराठीत पाठवा, आणि आपण बेळगाववाले यात बसतो का ते विचारून सांगा. मग सगळ्यांना पाठवतो." मामा चिडणार नाही; त्यालाही त्या अटी बहुधा पहिल्यांदाच शोधाव्या लागतील. तो संयोजकाला विचारेल. असे पन्नास मामा विचारू लागले की कंपनीच्या कार्यालयात कुणीतरी तो मसुदा मराठीत करायला बसेल, कारण मराठी पोस्टर छापून तो बसलेलाच आहे. उत्तर आलेच नाही, तर पोस्टर ग्रुपवर जाऊ देऊ नये, आणि का जाऊ दिले नाही हे ग्रुपवर लिहावे, म्हणजे दुसऱ्या वाटेने ते परत येईल तेव्हा निदान आपल्या लोकांना ते ओळखता येईल.